फ्रीझरमधली बॅटरी

हे मी श्रीकांतला सांगितलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला न सांगितलेलं असं माझ्याकडे हे एवढंच आहे. आईला नाही, इथल्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला सांगतेय. पण आधीच बजावते — सांगायला लागले की मला पहिल्यांदा मजाच आठवते, लाज मागाहून येते. हे उलटं असायला हवं होतं ना? पण तसंच आहे, आणि ते सरळ करून सांगायचा माझा विचार नाही.

तर — मी शिकारी होते.

हसा, खुशाल हसा. मी नाशिकची. आमच्याकडे लेकीसाठी, इरासाठी, अंडं उकडलं तर त्याचं पातेलं वेगळं, ते घासायची घासणीसुद्धा वेगळी. बंदूक मी आयुष्यात एकदाच हातात धरली, दिवाळीतली, टिकल्यांची. आणि तरीही परदेशातली कितीतरी दाढीवाली, डोंगरात राहणारी माणसं शिकारीच्या हंगामाआधी माझा सल्ला घ्यायची. माझा!

कसं झालं सांगते. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी नाशिकला अंबडच्या एका छोट्या कारखान्यात इग्निटर बनवायचे. भट्टीचा बर्नर पेटवायला जी ठिणगी लागते, ती पाडणारं यंत्र. ठिणगी पडायची तेव्हा — निळी, बारीक, चट् — मला रोज नव्याने आनंद व्हायचा. मग श्रीकांतला कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. कुवेत शहरात, बनेद अल-गारला भाड्याने घर घेतलं. श्रीकांतची बस भल्या पहाटे निघायची, इरा शाळेत, आणि मी डिपेंडंट व्हिसावर, खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत दिसणारा समुद्र बघत. मंडळाच्या हळदीकुंकवाला कोणी विचारलं की सांगायचे, घरीच असते सध्या. त्या ‘सध्या’ला बरीच वर्षं झाली.

एकदा शेगडीचं ऑटो इग्निशन बिघडलं. दुरुस्तीला कोणाला बोलवणार, मीच उघडून बसले. त्या इलेक्ट्रोडबद्दल इंटरनेटवर शोधताना एक पान उघडलं, ते निघालं शिकाऱ्यांच्या गप्पांचं. विषय काय? ठासणीच्या बंदुकीत विजेची ठिणगी असावी की नसावी!

ठासणीची बंदूक म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातलं चित्र, असंच मला वाटायचं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची. पण ही माणसं आजही हौसेने त्यानेच शिकार करतात आणि त्या बंदुका नव्याने बनतातही. आतली दारू पेटवायला बहुतेक जण एक छोटीशी तांब्याची टोपी बसवतात — आपल्या टिकलीसारखीच, हातोडी पडली की फुटते. आणि टिकली सर्दली की काय होतं, हे कोणत्या मराठी पोराला माहीत नाही? म्हणून कोणीतरी टोपी काढून टाकली आणि दस्त्यात नऊ व्होल्टची बॅटरी बसवली. किल्ली फिरवायची, लाल दिवा लागतो, चाप ओढायचा, आत ठिणगी पडते. बस्स.

तुम्हाला कळतंय का मला काय झालं असेल? ही तर माझी ठिणगी! माझी विद्या! आणि तिथे ते लोक तिला नावं ठेवत होते. एकजण तर अजून गारगोटीवर ठिणगी पाडणाऱ्या बंदुकीवरच होता. त्याला मी मनातल्या मनात गारगोटीकाका म्हणायचे. त्याने लिहिलं होतं, जिला बॅटरी लागते ती बंदूक नव्हे, खेळणं. दुसरा म्हणाला, मग जुन्या बंदुकीवाल्यांसाठी शिकारीचा वेगळा हंगाम राखून ठेवतात तो कशाला हवा, थेट मशीनगन आणा. कोणी म्हणे, हातोडी पडण्यात जो क्षण जातो त्यातच खरी कसोटी आहे. माझ्या अंगात आलं. शेगडी तशीच उघडी टाकून मी लिहायला बसले. हातोडी हलली की नेम हलतो. टोपी भिजते. वीज हलतही नाही आणि थांबतही नाही. मी आकृती काढून दाखवली. वाहवा झाली. सगळ्यांनी मला पुरुषच धरलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

मग गारगोटीकाकांनी विचारलं, सगळं ठीक, पण तू स्वतः शिकारीला ही वापरली आहेस का?

मी लिहिलं, बरेच हंगाम.

एवढंच. दोन शब्द. लिहिताना — खोटं कशाला सांगू — गुदगुल्या झाल्या. तिथून पुढे काय विचारता! मी रानडुकरं मारली. तिकडची मोठाली हरणं मारली, मी त्यांना सांबरंच म्हणते. दहा जणांच्या गोष्टी वाचायच्या, त्यातलं धुकं याच्याकडून आणि ओली पानं त्याच्याकडून घ्यायची, की माझी शिकार तयार. राहतो वाळवंटात, हंगामात डोंगरात जातो, असं सांगून ठेवलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि तेही उंटांच्या देशात बसून. पण ठिणगीबद्दल मी खोटं बोलत नव्हते, असं मी स्वतःला सांगायचे. ठिणगी मी तपासली होती. अर्दिया भागातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन, “भैया, एकदम छोटा कॉइल दिखाओ,” करत सामान आणलं होतं, बकाल्यातून, म्हणजे खालच्या वाण्याकडून, बॅटरी घेतली होती आणि जेवणाच्या टेबलावर तशीच जोडणी उभी केली होती. दारू वगैरे काही नाही हं, नुसती ठिणगी. लाल दिव्यासकट. श्रीकांत हॉलमधून ओरडायचा, “अगं, काय चटचट वाजतंय आत?” मी म्हणायचे, “शेगडी!”

ऐन ऑगस्टमध्ये बाल्कनीत ठेवून पाहिली, कठड्याला हात लागत नव्हता तेव्हा. पडली ठिणगी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शॉवरखाली धरली. पडली. मी उन्हाची परीक्षा घेतली, पावसाची घेतली. आणखी काय राहिलं होतं? सांगा ना, इथे बसून तुम्हाला तरी सुचलं असतं?

तिथे हॅरल्ड नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. उत्तरेकडे, डोंगरात राहायचे. भांडणात कधी पडायचे नाहीत. त्यांनी मला, मी तिथे घेतलेल्या टोपणनावाने हाक मारून, विचारलं. बोटं आखडली होती त्यांची, ती इवलीशी टोपी चिमटीत धरता येत नव्हती. मुलाबरोबर आणखी एकदा तरी शिकारीला जायचं होतं. जुनी बंदूक विकून ही विजेची घेऊ का? आमच्याकडे फार थंडी असते, श्वासाचा बर्फ होतो मिशांवर. तुम्ही कडाक्याच्या थंडीत वापरली आहे ना?

मी एसीचं तापमान कमी केलं आणि लिहिलं — थंडी असो, पाऊस असो, ठिणगी चुकत नाही.

त्यांनी बंदूक घेतली. फोटो टाकला. खाली लिहिलं, वाळवंटातल्या माझ्या मित्राच्या भरवशावर. मी तो फोटो किती वेळा पाहिला! इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या पगारानेही दिला नव्हता.

हंगाम संपता संपता त्यांचा मजकूर आला. पहाटेपासून बर्फात बसलो होतो. दुपारी सांबर समोर आलं, एवढं मोठं की मुलाने माझा दंड घट्ट धरला. किल्ली फिरवलेली होती, लाल दिवा लागलेला होता, मी पाहिला. चाप ओढला. काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. सांबर निघून गेलं. घरी येऊन तपासली तर ठिणगी व्यवस्थित पडते. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही किल्ली फिरवायची विसरलात. हल्ली तुम्ही विसरता. मित्रा, माझं काय चुकलं?

पाहा — त्यांनी मला बोल लावला नव्हता. माझं काय चुकलं, असं विचारलं होतं.

मी जोडणी काढली, बकाल्यातून नवी कोरी बॅटरी आणली आणि ती फ्रीझरमध्ये ठेवली, खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी. इरा शाळेतून आली, आइस्क्रीम काढायला गेली, आणि म्हणाली, “आई, व्हाय इज देअर अ बॅटरी इन द फ्रीझर?”

“थंडीत ठेवली की जास्त टिकते,” मी म्हटलं.

“रिअली? कूल!”

ती आइस्क्रीम घेऊन गेली आणि मी बॅटरी काढून जोडली. किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, छान, ठसठशीत. चाप दाबला. काही नाही! पुन्हा दाबला. काही नाही! बॅटरी मुठीत धरून उबवली, परत जोडली आणि — चट्!

मला काय झालं ओळखा. मी नाचले. अक्षरशः नाचले, ओट्याशी, एकटी. सापडलं होतं! गोठलेल्या बॅटरीत दिव्यापुरता जीव असतो, ठिणगीपुरता नसतो. म्हणून डोंगरात दिवा लागला आणि ठिणगी पडली नाही, आणि घरच्या उबेत सगळं ठीक. इतक्या वर्षांत असं काही शोधून काढलं नव्हतं मी. त्या क्षणी हॅरल्ड माझ्या डोक्यातही नव्हते. हे सांगताना आजही माझे हात शिवशिवतात.

धावत जाऊन लिहायला बसले. सगळं लिहिलं. पाठवायच्या आधी वर पाहिलं तर गारगोटीकाकांनी त्याआधीच लिहिलं होतं — मला वाटतं म्हाताऱ्याचं खरं आहे, थंडीने बॅटरी मेली असणार. मी पहिल्यापासून सांगतोय, यांना बॅटऱ्या हव्यात. आणि त्याच्याखाली कोणीतरी मला विचारलं होतं, तू तर बरेच हंगाम वापरली आहेस, तुला हे कधी कसं जाणवलं नाही?

काय उत्तर होतं माझ्याकडे? हेच की मी मिशांवर बर्फ धरणारी थंडी पाहिलेली नाही. सांबर पाहिलेलं नाही. बंदूक पाहिलेली नाही. मी बनेद अल-गारमधली एक बाई आहे आणि माझ्या समोर उघडी शेगडी आहे.

मी लिहिलेलं पुसलं.

आणि मग हे लिहिलं. शांतपणे लिहिलं — हे मला नीट आठवतंय. बॅटरी मेली असती तर लाल दिवा लागलाच नसता. दिवा लागला असेल तर ठिणगी पडणारच, दोन्ही एकाच बॅटरीवर चालतात. याचा अर्थ दिवा लागलेला नव्हता, किल्ली फिरवलेलीच नव्हती. वाईट वाटून घेऊ नका, या वयात होतं असं.

खाली आकृती जोडली. बाजूला फ्रीझरमधून काढलेल्या बॅटरीवरचं दव टेबलावर ओघळत होतं.

आकृतीपुढे कोण बोलणार? गारगोटीकाकासुद्धा गप्प झाले. मान्य करते, त्यांना गप्प बसवल्याचाही मला आनंद झाला. ‘या वयात होतं’ हे कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं, ते मी माझ्या मनाने घातलं. ते घातल्याशिवाय उत्तर पुरं वाटत नव्हतं.

हॅरल्डनी दुसऱ्या दिवशी लिहिलं. तुमचं बरोबर असणार, तुम्ही जाणकार आहात. मला दिवा दिसला असं वाटलं होतं, पण कदाचित नसेलही दिसला. मुलाला तुमचं उत्तर दाखवलं. तो खूप चांगला आहे, रागावला नाही. बंदुकीच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे दिली आहे, आणि त्याच्या म्हणण्यावरून गाडीचीही. विसरणाऱ्या माणसाने चालवू नये हे पटलं मला. मदतीबद्दल आभार, मित्रा.

त्याखाली अंगठ्याचं चिन्ह असतं ना, आवडलं म्हणून? ते मी दाबलं.

त्यानंतर त्यांनी तिथे काही लिहिलं नाही. मी वाट पाहिली. दुसरा हंगाम गेला, मग मीही जाणं सोडलं. जोडणी मोडून टाकली, कॉइल अजून ड्रॉवरमध्ये आहे. शेगडी मात्र दुरुस्त केली, ती आजही पहिल्या झटक्यात पेटते.

इराने मात्र ती गोष्ट ध्यानात ठेवली. थंडीत बॅटरी जास्त टिकते. तिने ते बाबाला सांगितलं, शाळेत सांगितलं. आमच्या फ्रीझरच्या दारात आता कायम बॅटऱ्या असतात, रिमोटच्या, घड्याळाच्या. परवा श्रीकांत एका मित्राला मोठ्या कौतुकाने सांगत होता, “आमच्याकडे ही इंजिनिअर आहे, तिची युक्ती.” मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

हॅरल्ड आता आहेत की नाहीत, मला माहीत नाही. त्या दिवशी त्यांनी किल्ली फिरवली होती. लाल दिवा लागलेला होता. तो त्यांनी पाहिला होता.