परतूरच्या ओसरीवरचा समुद्र

मिहीर, सई, मागच्या रविवारी तुम्ही म्हणालात, "आजी, तुला व्हीआरचा चष्मा पाठवतो. तो लावलास की आपण एकाच खोलीत बसल्यासारखं वाटेल." मी विचार करून सांगते म्हणाले होते. विचार झाला आहे. पण उत्तराआधी परतूरच्या आजोबांची हकिकत सांगते, कारण हा चष्मा लोकांच्या गळी उतरवायला त्यांच्याइतका घाम अख्ख्या जालना जिल्ह्यात कुणी गाळला नसेल.

परतूरचे आजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ, माझे भाऊजी. नव्या वस्तूवर इतका भोळा विश्वास ठेवणारा दुसरा माणूस देवाने घडवला नाही. एकदा त्यांनी आपोआप केर काढणारं यंत्र आणलं. ते उंबऱ्याला अडून घरघरत बसलं, तर यांनी यंत्राला सोडून घर बांधणाऱ्या गवंड्याला बोल लावला. "वस्तू कधी चुकत न्हाई वहिनी, घर चुकतं!" नवी वस्तू आली की पहिला कार्यक्रम ओसरीवर, चहासकट, आणि बोलावणं सगळ्या गल्लीला.

या चष्म्यामागे मात्र वेगळं कारण होतं. लग्नात त्यांनी जाऊबाईंना, म्हणजे तुमच्या परतूरच्या आजीला, समुद्र दाखवायचा शब्द दिला होता. आधी शेतीने सवड दिली नाही, मग मुलांच्या शाळांनी, आणि सवड झाली तेव्हा जाऊबाईंच्या गुडघ्यांनी प्रवासाला नकार दिला. भाऊजींना ते फार लागलं होतं. म्हणून चष्मा आला तो समुद्र घेऊनच. पण जाऊबाई म्हणाल्या, "आधी पाव्हण्यांना दाखवा. मी घरचीच हाय."

पहिला मान शेजारच्या कापसाच्या अडत्यांना मिळाला. टोपी काढायला ते तयार नव्हते, म्हणून चष्मा टोपीवरूनच आवळला. थोड्या वेळाने लाट आली असावी, कारण त्यांनी घाईघाईने धोतर गुडघ्यापर्यंत उचललं आणि खुर्चीवर पाय घेतले. ओसरी हसून लोळली. "काय झालं? कोण हसून राह्यलं?" ते विचारत होते, आणि तोंड मात्र भिंतीकडे! चष्मा काढल्यावर ते म्हणाले, "झकास हाय," आणि पुन्हा कधी त्याच्या वाटेला गेले नाहीत. पुढे सगळ्यांचं तेच झालं. कुणाचं डोकं गरगरलं, कुणाच्या चष्म्यावर हा चष्मा बसेना, कुणाच्या तेल लावलेल्या केसांवरून पट्टा घसरला. पण खरी अडचण ती नव्हती. लावणाऱ्याला समुद्र दिसायचा आणि बाकीच्यांना लावणारा. त्यात जास्त मजा बाकीच्यांची. त्यामुळे बघायला सगळी गल्ली जमायची, लावायला कुणीच पुढे येईना.

शेवटी भाऊजी जाऊबाईंसमोर चष्मा घेऊन उभे राहिले.

"आता तरी लाव. शब्द दिलेला हाय मी."

"तुम्ही दिसान का त्याच्यात?"

"मी कसा दिसन? समुद्र दिसन."

"मंग काय करू त्या समुद्राला? दाखवतो म्हणलं व्हतं तुम्ही. दाखवणारा नको का संगं?"

भाऊजींनी चष्मा हातात उलटासुलटा केला. मी तिथेच तूर निवडत होते. मान वर केली नाही.

मग जाऊबाईच म्हणाल्या, "तुम्ही लावा. अन् मला सांगा, काय दिसून राह्यलं."

भाऊजींनी चष्मा चढवला आणि सांगायला लागले. पाणी कुठपर्यंत आहे, नाव किती लांब आहे, वाळूवर कुत्रं कसं पळतंय. जाऊबाईंचे प्रश्न थांबेनात. "खारा वास येतो का? बायका हायेत का तिथं? लुगडी भिजत नसतील का?" भाऊजींना दिसत नव्हतं तेही ते बेधडक सांगत होते, आणि जाऊबाईंना ते बरोबर कळत होतं. "आता थापा मारून राह्यले!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

तेव्हा मुलांनो, चष्मा पाठवू नका. तुमच्या खोलीत बसल्यासारखं मला वाटायला नको. तुमच्या खिडकीतून काय दिसतं ते सांगा, मी मध्ये मध्ये प्रश्न विचारीन.

भाऊजींचा चष्मा केव्हाच बंद पडला. जाऊबाईंनी समुद्र पाहिलेला नाही, आणि आता पाहतील असं वाटत नाही. पण संध्याकाळी ओसरीवर दोन खुर्च्या अजून शेजारी शेजारी मांडल्या जातात. जाऊबाई विचारतात, "आज पाणी कुठवर आलंय?" आणि भाऊजी डोळे मिटून सांगतात.