तो गळ, ती गळ

आमच्या माणच्या घरमालकांइतका शब्दांच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडायचा नाही. शेतं गेली, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि हात रिकामे झालेल्या या गृहस्थांनी खोल्या भाड्याने देऊन उरलेलं आयुष्य मासे आणि मराठी भाषा यांना वाहून टाकलं. मासे फारसे लागत नसत. मी खोली मागायला गेलो, तेव्हा नोकरी, गाव, जेवणखाण यातलं काहीएक न विचारता त्यांनी टोपीत खोचलेला माशाचा गळ काढून माझ्या नाकासमोर धरला. "सायेब, ह्यो गळ. आन् तुमी मगाधरनं मला 'खोली द्या' म्हून घालताय, ती गळ. माशाचा बाप्या, मान्साची बाई. का, सांगा!" माझ्या अज्ञानावर खूश होऊन त्यांनी किल्ली दिली.

त्यांच्या मते निम्मी मराठी या वाकड्या तारेतून निघाली होती. मासा निसटला की गळती, आकडा रुतल्यागत ठणकतं ते गळू, आणि गळ जिथे अडकतो तो गळा. एकदा मोरीतला नळ गळतोय म्हणून मी तक्रार घेऊन गेलो, तर प्लंबरऐवजी 'गळणे'ची व्युत्पत्ती घेऊन परत आलो. नळ पुढे कित्येक दिवस गळत होता.

दर रविवारी उरवड्याहून त्यांचे जुने दोस्त यायचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. दोघं कणकेचे गोळे घेऊन नदीकाठी बसत आणि भांडत. दोस्ताचं म्हणणं नेमकं उलटं होतं. "आरं, गळ बनायच्या आदी मान्साला गळा नव्हता का? गळ्यातनंच गळ आला!" एका रविवारी हे भांडण इतकं पेटलं, की दोघांनी बोलणंच टाकलं. जमिनीपायी भाऊ तुटलेले मी पाहिलेत, पण शब्दापायी तुटलेले दोस्त हेच. मालक एकटेच नदीवर जाऊ लागले आणि घरी येऊन जेवणावर चिडू लागले. मी समेटाचं काढलं की म्हणायचे, "गळ माशाला टाकायचा. मान्साला घालायची न्हाई."

मग कळलं, दोस्त मुलाकडे नागपूरला कायमचे निघालेत. दिवसभर मालक अंगणात येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "गाडी काडा."

उरवड्यात ओसरीवर सामान बांधून ठेवलेलं होतं. "नगं जाऊ" एवढंच सांगायला आलेले मालक दोस्तासमोर उभे राहिले, "गड्या..." म्हणाले, आणि पुढे शब्दच फुटेना. तासन्‌तास बोलणारा हा माणूस नुसता आवंढे गिळत राहिला. दोस्त उठले, त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "गळ अडाकली व्हय? म्या म्हनत हुतो, गळ्यातनंच येती ती." दोघं हसले, मग डोळे पुसत बसले. मीही तोंड फिरवलं. चहा झाला. पण जाणं काही टळलं नाही. दोस्त दुसऱ्या दिवशी गेले.

परवा नवा भाडेकरू आला. त्याला कुणीतरी पढवलं असावं, कारण त्याने आपणहूनच विचारलं, "काका, गळ शब्द आला कुठून?" झालं, आता तासाची निश्चिंती, म्हणून मी खुर्ची ओढून बसलो. मालकांनी टोपीतला गळ काढला आणि बोटात फिरवला.

"मला काय ठावं," शेवटी ते म्हणाले. "उरवड्याच्या आमच्या दोस्ताला इचारा." आणि गळ परत टोपीत खोचत, "पर त्यो आता हितं न्हाई."