हलकी बॅटरी

सारजाबाईनं काउंटरवरची स्टीलची लांब बॅटरी उचलली, हातात तोलली आणि स्वतःच्याच कानशिलावर हलकेच टेकवून बघितली. मग खाली ठेवली.

दुकानदार संगमेश हसला. "मावशी, बॅटरी डोळ्यानं बघतात. डोक्यानं न्हाय."

"आमच्या घरात डोक्यानंच बघावी लागती," ती म्हणाली. "हलकी दाखवा."

सोलापुरात ती बॅटरीसाठी आली नव्हती. तिचा नवरा सिद्धाप्पा सरकारी दवाखान्यात होता. त्याचा डावा डोळा गेला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरी सोडणार होते.

भीमेवर, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून नदी तळ्यासारखी पसरते, तिथं या दोघांची होडी. निवडणूक झाली की फ्लेक्स फुकट मिळतो. तो आडव्या बांबूला बांधून शीड करायचं, वारा असेल तर वल्हं मारायचं नाही. दिवस बुडाला की जाळी उचलायची, म्हणून बॅटरी लागतेच. जुनी बिघडल्यावर सिद्धाप्पानं आठवडी बाजारातून एका बटणाची नवी आणली होती. एकदा दाबलं की झगझगीत, पुन्हा दाबलं की मंद, आणखी दाबलं की उघडझाप. जाळं ओढताना ओल्या अंगठ्याखाली बटण जास्त दाबलं गेलं आणि नदीच्या मधोमध बॅटरी लुकलुकायला लागली.

त्या पट्ट्यातल्या वाळू उपसणाऱ्यांची एक रीत आहे. तहसीलची गाडी दिसली की त्यांचा राखणदार बॅटरीची उघडझाप करतो. चोरून वाळू काढणाऱ्या तिप्पण्णाच्या माणसांनी ती उघडझाप बघितली, सापडू नये म्हणून उपशाची बोट स्वतःच्या हातानं बुडवली आणि ते उसात शिरले. गाडी काही आली नाही. मग ते परत आले.

सिद्धाप्पा काठावर होडी बांधत होता. त्यांनी त्याला त्याच्याच वल्ह्यानं मारलं. पाठीवर, गुडघ्यांवर, आणि तो पडल्यावर तोंडावर. सारजाबाई मध्ये पडली, तेव्हा तिप्पण्णानं तिचे केस धरून तिला चिखलात बसवलं आणि बघायला लावलं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर सिद्धाप्पा पहिल्यांदा बोलला ते हेच, की बॅटरी लोखंडी आण, वजनदार. एका दणक्यात तिप्पण्णाचं टाळकं उघडलं पाहिजे. सारजाबाई व्हय म्हणाली होती.

पण ती त्याला ओळखून होती. तो तिप्पण्णासमोर जाणार नव्हता. होडीतली प्रत्येक वस्तू रात्री घरी यायची, आणि घरी आलेली प्रत्येक वस्तू कधी ना कधी तिच्यावर उठायची. वल्ह्याच्या दांड्यानं तिचं मनगट वाकडं झालं होतं. नांगराच्या दोराचे वळ पाठीवर होते. पुढचा दात जुन्या बॅटरीनं पाडला होता, आणि ती तर पितळी आणि आखूड होती. ही स्टीलची हातभर लांब होती. ही दातावर थांबली नसती.

त्यातून बॅटरी नुसती हलकी असून भागणार नव्हतं. नदीवर दगा दिला तरी मार तिलाच पडणार होता. म्हणून तिनं संगमेशला सगळं उघडायला लावलं. बटण नको, खटका हवा. पुढं सरकवला की लागली, मागं सरकवला की विझली. उघडझाप असलेली एकसुद्धा नको. उजेड पसरट हवा, फार पांढरा नको, पाण्यावरून उलटा डोळ्यात मारतो. मनगटात अडकवायला दोरी हवी. शेवटी एक पिवळी प्लास्टिकची निघाली. तिनं दुकानातलीच बादली मागून घेतली आणि पेटती बॅटरी तीत सोडली. ती बुडाली, वर आली आणि तोंड वर करून जळत राहिली.

"आता अंघोळ पण घालता का तिला?" संगमेश म्हणाला. पण पुठ्ठ्याच्या खोक्यात तिनं ती बांधून घेतली तेव्हा त्यानं सेल स्वतः बसवून दिले.

सिद्धाप्पानं ती बघितली ते घरी नाही, होडीतच. सारजाबाईनं मुद्दाम तोवर पिशवीतून काढली नव्हती. दिवस बुडून थोडाच वेळ झाला होता, वारा चांगला होता आणि ती मागं शिडाची दोरी धरून बसली होती. पट्टी बांधलेला सिद्धाप्पा पुढं जाळ्याचे तरंगते भोपळे शोधत होता. तिनं खटका सरकवून बॅटरी पुढं दिली.

त्यानं ती हातात घेतली. तोलली.

"सारजे, ह्यानं माणूस मरतंय व्हय?"

"मासं दिसत्यात की," ती म्हणाली.

त्यानं ती तिच्या तोंडावर फेकली. भुवईला लागली, रक्त डोळ्यात उतरलं, पण हाड शाबूत राहिलं. बॅटरी उसळून पाण्यात पडली आणि वर येऊन जळत राहिली. मग त्यानं वल्हं उचललं. उभा राहिला, मारलं. एका डोळ्याला अंतर कळेना, वल्हं होडीच्या काठावर फुटलं. दुसऱ्यांदा तुटका दांडा उगारला, तेव्हा तिनं शिडाची दोरी सोडली. फ्लेक्स फडफडला, बांबू गर्रकन फिरला आणि त्याच्या छातीवर बसला. तो पाण्यात गेला, दांडा होडीतच पडला.

सारजाबाई होटगीची. बाप रेल्वेत रूळ ठोकायचा. लग्नाआधी तिनं विहिरीतसुद्धा कधी पाय घातला नव्हता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सिद्धाप्पानं पोहायला शिकवतो म्हणून तिला होडीतून ढकललं होतं. ती हातपाय मारत जवळ आली की होडी थोडी पुढं न्यायचा आणि हसत म्हणायचा, हिकडं ये की.

आता अंधारात तो खोकत होता, ओरडत होता. सुजलेला गुडघा त्याला हलवता येत नव्हता आणि होडी कुठं आहे ते दिसत नव्हतं. त्याला दिसत होती फक्त ती पिवळी बॅटरी, आणि तो तिच्याकडं निघाला. सारजाबाईनं तुटक्या दांड्यानं होडी वळवली आणि त्याच्याआधी बॅटरी उचलली. विझवली.

काळोखात त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. तो लांब जायला लागला, भलत्या दिशेनं, खोल पाण्याकडं. तिनं थोडा वेळ त्याला तसंच जाऊ दिलं. मग खटका पुढं सरकवला आणि उजेड त्याच्या तोंडावर धरला.

"हिकडं या की," ती म्हणाली.

तो आला. हात होडीच्या काठाला लागणार एवढ्यात तिनं होडी पुढं नेली. त्यानं शिवी दिली. तिनं बॅटरी विझवली. शिवी थांबल्यावर पुन्हा लावली. असं करत करत ती त्याला काठापर्यंत घेऊन गेली, होडी त्याच्या हाताला एकदाही लागू न देता. शेवटी त्याचे पाय चिखलाला लागले आणि तो गुडघ्यांवर कोसळून पाणी ओकायला लागला.

सारजाबाई खाली उतरली नाही. तिनं पदर भुवईवर घट्ट बांधला, बॅटरीची दोरी मनगटात अडकवली आणि शीड पुन्हा वाऱ्याला लावलं. जाळी अजून उचलायची होती.