चुली किती?

कुंभिवलीच्या मागच्या ठाकूरवाडीत पोशासारखा सरळ माणूस शोधून सापडायचा नाही, असं सगळे म्हणत. एकटा पोशा सोडून. आपण किती सरळ आहोत, ते त्याला ठाऊक होतं.

थोरला भाऊ सखा वारला आणि वर्षाच्या आत पोशाची बायको वनिता आणि वहिनी कोंडी यांचं एका खुडूक कोंबडीवरून वाजलं. भांडण मिटवायचं सोडून या शहाण्याने कारवीच्या काठ्यांचा कूड आणला, घराच्या मधोमध उभा केला, शेणामातीने लिंपला आणि कोंडीला मागचं दार दिलं. छप्पर एक, चुली दोन. विधवा भावजयीला वेगळं काढणं वाडीत फार लाजिरवाणं, म्हणून 'वयनीला निराळं बरं वाटतं' असं तो सांगत फिरे. कोंडीने ते कधी खोडून काढलं नाही. डोंगरातल्या तुकड्यावरची वरी-नाचणी मात्र दोघं एकत्रच कापत.

मग करोना आला. चौक गावचे ढाबे बंद, गॅरेज बंद, पोशाची मजुरी बंद. कोंडी हायवेला करवंदं विकायची, तर हायवेला गाडीच नव्हती. दोन्ही चुलींवर नुसती पेज शिजू लागली. पुढे कधीतरी कळलं, सरकारची खावटी येणार. थोडे पैसे खात्यात, थोडी डाळ-तेल-साखर पोत्यात. शाळेचे साईनाथ गुरुजी यादी करायला आले तेव्हा सगळी वाडी चिंचेखाली जमली.

"पोशा, तुझ्या घरात चुली किती रे?"

कोंडी चार पावलांवर उभी होती. पोशाने मान वर न करता सांगितलं, "एकच हाय, गुरुजी. वयनी आमच्यातच जेवते."

गुरुजींनी लिहून घेतलं. कूड सगळ्या वाडीला ठाऊक होता, तरी कोणी हसलं नाही, हे त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी समजलं की खावटी दर चुलीमागे एक मिळणार. म्हणजे एकच चूल सांगितल्याने कोंडीची बुडाली. गुरुजी अजून दोन दिवस शेजारच्या वाडीत होते. जाऊन 'दोन' म्हणायला अर्धा तास लागला असता. पण मग कूड कोणी घातला, तेही सांगावं लागलं असतं. तो गेला नाही. सरळ माणूस घरी बसून दोरी वळत राहिला.

काही महिन्यांनी वनिताच्या खात्यात पैसे आले आणि एक पोतं आलं. त्या दिवशी घरात डाळीला फोडणी पडली. कुडापलीकडे कोंडी खोकत होती. आपण तिच्या तोंडचं खातोय, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तो ताटावरून उठला, पोत्यातलं अर्धं टोपलीत काढलं आणि मागच्या दाराशी गेला.

"वयनी, माझं चुकलं. तुझी खावटी मी बुडवली. दोन चुली सांगाया पायजे व्हत्या."

कोंडीने टोपलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डाळीचं काय घेऊन बसलास रं? तू चारचौघांत एकच चूल बोल्लास, मला वाटलं, आता जेवाया बोलवायला येशील. त्या सांजंला मी चूल पेटवलीच नव्हती."

पोशाने टोपली उंबऱ्यावर ठेवली. कुडापलीकडे वनिताचा भाकऱ्या थापायचा आवाज थांबला होता.