दोन ठोके

आम्ही झाडं तोडणारे तोडकरी साहेबांना ठोकेसाहेब म्हणायचो, अर्थात पाठीमागे. सव्वीस वर्षं जंगलखात्यात काढलेला माणूस, कमरेला कायम शिक्क्याची हातोडी. ज्या झाडावर तिचा शिक्का, तेवढंच लिलावात विकायचं आणि तेवढंच आम्ही तोडायचं. एक शिक्का छातीएवढ्या उंचीवर, दुसरा पार मुळाशी. वरचा ओंडक्याबरोबर जातो, खालचा खुंटावर राहतो. खुंटावर शिक्का नसला की चोरी. साहेबांची बायको म्हणायची, हा माणूस घराचं दारसुद्धा मोजून दोनदाच ठोकतो.

माझा थोरला भाऊ त्यांचा जोडीदार. दादाने कुऱ्हाडीने साल तासायची, साहेबांनी उघड्या लाकडावर ठोका द्यायचा. दर झाडापाशी भांडण ठरलेलं.

"साहेब, हे घ्या, पोकळ झालंय."

"तुला सगळंच पोकळ दिसतं. स्वतःचं डोकं बघ आधी."

मग थर्मासच्या एकाच झाकणातून दोघं आळीपाळीने चहा प्यायचे. असे बारा हंगाम गेले. मी फाटक्या तोंडाचा, कुणाला सोडत नाही. पण साहेबांना कधी उलटून बोललो नाही.

त्या दिवशी लिलावाची यादी भरत आली होती. दादाने एका वठलेल्या झाडाची साल वर-खाली तासली. "हे आधी पाडू या," तो म्हणाला. "शेजारचं पडताना याला लागलं, तर शेंडा आपल्या टाळक्यात."

साहेबांनी हातोडी काढली, यादी बघितली आणि हातोडी परत कमरेला अडकवली. "यादीत जागा नाही रे. उद्या वरून विचारून घेतो."

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत विचारायलाच गेले होते. थांबायला हवं होतं, पण ट्रक येऊन उभे राहिले, ड्रायव्हर कटकट करायला लागले. शेजारचं झाड मी पाडलं. शेंडा दादावर आला.

दादाच्या मरणाच्या चौकशीच्या आदल्या दिवशी साहेब मला त्या झाडापाशी घेऊन गेले. शेंडा तुटलेलं खोड तसंच उभं होतं, तासलेली जागा कोरी. मला सगळं कळत होतं. शिक्का असला, तर झाड पाडायची मुभा असून दादाने ते ठेवलं, म्हणजे चूक त्याची, आणि वहिनीला भरपाई नाही. शिक्का नसला, तर साहेबांची नोकरी गेली. साहेब हातात हातोडी घेऊन उभे राहिले. मी ओरडायला हवं होतं, हात धरायला हवा होता. अहो, साधी शिवीसुद्धा आली नाही तोंडात. माझ्या बुटाची नाडी सुटली होती, मी तिच्याकडे बघत बसलो.

त्यांनी हातोडी तशीच कमरेला अडकवली आणि म्हणाले, "चल."

चौकशीत त्यांनी हातोडी टेबलावर ठेवली. "साल त्याने तासली होती. शिक्का मी मारला नाही. चूक माझी." शेजारचं झाड कुणी पाडलं, ते मी सांगितलं. कारकुनाने लिहून घेतलं आणि पान उलटलं.

महिन्याभराने दारावर दोन ठोके पडले. वहिनी दादाचे शर्ट घडी घालून पेटीत ठेवत होती. साहेब उंबऱ्यातच उभे राहिले. खाकी गेली होती, साध्या कपड्यांत ते कुणीतरी भलतेच वाटत होते.

"ताई, भरपाई मंजूर झाली. म्हटलं, आपणच सांगावं."

"बसा ना."

ते बसले नाहीत. वहिनीने हातातला शर्ट पेटीत ठेवला. "एवढं खरं बोलता आलं तुम्हाला," ती शांतपणे म्हणाली, "मग त्या दिवशी दोन ठोके द्यायला काय झालं होतं हो?"

"काही नाही झालं होतं, ताई," साहेब म्हणाले. आणि गेले.

वहिनीने पेटीचं झाकण लावलं आणि मला विचारलं, जेवायला वाढू का. दुसरं काही तिने मला अजून विचारलेलं नाही.