यंत्रापुढचं लाल फडकं

ओल्या पेंढ्यात डिझेलचा वास मिसळला की मला धुक्याची ती सकाळ आठवते. खाडीकाठच्या रस्त्यानं भातकापणीचं यंत्र आमच्या शेतावर न्यायचं होतं. ते रस्ताभर रुंद, म्हणून पुढं लाल फडकं घेऊन माणूस चालला पाहिजे, असा नियम. "तो माणूस मी," मी ठणकावलं. यंत्राचा चालक म्हणाला, "दादा, अधूनमधून मागं बघा हां." मी म्हटलं, "शिकलो न्हाय, पन बहिरा न्हाय. आवाज कळतो मला." निघालो. पाठीशी घरघर, पायाखाली डांबर थरथरतंय, मानेवर इंजिनाची धग. बऱ्याच वेळानं समोरून एसटी आली. मी फडकं हलवलं. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "बाबा, कोनासाठी थांबवता? तुमच्या मागं काय न्हाय!" वळून बघतो तर रस्ता मोकळा. घरघर मात्र मानेशी तशीच. एसटी हलली तसा मी पत्र्यावर थापा मारत ओरडलो, "हळू घे, माझं यंत्र हाय मागं!" मग मी माघारी फिरलो; मी पुढं आणि एसटी माझ्यामागं, अशी वरात निघाली. दोन वळणं गेल्यावर अरुंद पुलावर यंत्र आडवं अडकलेलं दिसलं. एसटी वेगात आली असती, तर अख्खी गाडी खाडीत गेली असती. चालक कठड्यावर बसलेला, हाका मारून त्याचा घसा बसलेला. इंजिनाला हात लावला, तर गार. "तुम्ही पूल उतरलात तवाच बंद केलं, दादा," तो म्हणाला. मग माझ्यामागून काय चालत आलं, ते मी कुणाला विचारलं नाही. यंत्रापुढं आजही मीच चालतो, पण त्याच्याकडं तोंड करून, उलट्या पावलांनी. लोक हसतात. हसू देत.