करंगळीचं मधलं पेर

माझ्या आईला सिंगापूरमधली एकच बस येते. येते म्हणजे पाढा यावा तशी येते. दर शुक्रवारी सकाळी ती आमच्या ब्लॉकखाली बसमध्ये चढते आणि लिटिल इंडियात उतरते. पाट्यांवरचं इंग्रजी तिला झरझर वाचता येत नाही, म्हणून ती स्टॉप मोजते, जप मोजावा तसे, बोटांच्या पेरांवर. तर्जनीपासून निघालेला अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर पोचला की अकरा. बेल दाबायची, उतरायचं. तिथे एक तमिळ फुलवाली आहे. दोघींना एकमेकींची भाषा कळत नाही, तरी तासभर गप्पा चालतात. मग गजरा आणि पडवळ घेऊन बाईसाहेब बाराच्या आत घरी.

बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली. सुरुवातीला फ्रिज उघडायलाही मला विचारायची. ‘उघडू का गं?’ मला रडू यायचं आणि रागही यायचा. ती एकटी बसने जायला लागली तेव्हाच हे विचारणं थांबलं.

दर वर्षी मोटारींची ती मोठी शर्यत आली की खाडीजवळचे आमचे रोजचे रस्तेच मैदान होतात. झेब्रा क्रॉसिंगच्या जागी लोखंडी गॅलऱ्या, फुटपाथला जाळ्या, हॉटेलांत पाय ठेवायला जागा नाही. बसला वळसा पडतो, तशी सूचना स्टॉपवर आठवडाभर आधी लागते. त्या वर्षी मी ती वाचली होती. मी जाते एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, त्यामुळे वाचून विसरलेही.

त्या शुक्रवारी ऑफिसकडचे रस्ते बंद म्हणून मी घरूनच काम करत होते. बारा वाजले, एक वाजला. आईचा फोन बंद. बॅटरी वाचवायला ती तो बंदच ठेवते. चालू करते ते मला फोन करायचा आठवला तर. दीड वाजता मी लॅपटॉप तसाच टाकून खाली धावले आणि तिचीच बस पकडली.

खाडीपाशी येताच बस भलतीकडे वळली आणि एकही स्टॉप न घेता उड्डाणपुलावरून गेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मध्ये चार स्टॉप गळाले होते. लिटिल इंडिया आलं तेव्हा माझा अंगठा सातव्या पेरावर होता. मी उतरले नाही. मोजत राहिले. ती सापडली तर यापुढे एकटीला घराबाहेर सोडायचं नाही, हे मी बसमध्येच ठरवून टाकलं.

अकराव्या स्टॉपच्या बाकावर आई बसली होती. मांडीवर रिकामी पिशवी, पाय जुळवलेले.

“आलीस? मी जागची हललेसुद्धा नाही हं,” ती म्हणाली. हरवलीस तर आहेस तिथेच थांब, मी येते, असं लहानपणी जत्रेत तिनेच मला बजावलं होतं.

“फोन शोभेला घेतलाय का तुला?” मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडले. घाबरले की मला फक्त ओरडता येतं.

तिने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, “आता मला एकटीला बसने नाही ना जाऊ देणार?”

आवाज तोच होता, फ्रिजपाशी उभा राहणारा. मी मटकन तिच्या शेजारी बसले.

“तू बरोबर मोजलंस, आई. चार स्टॉप बंद होते. मला माहीत होतं, तुला सांगायचं राहिलं. चुकले मी.”

तिने नुसता माझा हात धरला. तिथून आम्ही उलट्या बसने लिटिल इंडियात गेलो. फुलवालीने तिचा गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. आईला बघताच ती तमिळमध्ये तिच्यावर ओरडली, अगदी माझ्यासारखी.

यंदा पुन्हा जाळ्या लागल्या. शुक्रवारी सकाळी मी सूचनेचं सांगायला दारापर्यंत धावले, तर आई पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरलेली. मी तोंड उघडायच्या आत तिने हात वर केला. अंगठा अनामिकेच्या पहिल्या पेरावर होता.

“सात,” ती म्हणाली, आणि लिफ्टचं दार मिटलं.